कुलूप आम्हालाच लागलं: पासवर्डवाली नोंदवही बनवणाऱ्यांना खुलं पत्र

प्रति,
ब्राउझरमध्ये चालणारी, पासवर्ड लावता येणारी नोंदवही बनवणाऱ्या सर्वांना,

स. न. वि. वि.

मी तालुक्याच्या गावातल्या एका महिला संस्थेत समुपदेशक आहे. आमच्याकडे येणाऱ्या बायका बहुतेक करून नवऱ्याचा नाहीतर सासरच्यांचा मार खाऊन, खूप दिवस सोसून, शेवटी कुणीतरी आमचं नाव सांगितलं म्हणून येतात. त्या बोलतात, मी लिहून घेते. गेली तीन वर्षं हे लिहिणं तुमच्यापैकी एकांच्या एक्स्टेन्शनमध्ये, म्हणजे ब्राउझरला जोडायच्या छोट्या प्रोग्रॅममध्ये, होत होतं. ब्राउझरच्या वरच्या कोपऱ्यातलं छोटं चित्र दाबायचं, पासवर्ड टाकायचा, नोंद उघडायची. त्या एक्स्टेन्शनचं नाव या पत्रात येणार नाही. नाव छापलं तर ज्यांच्यापासून या नोंदी जपायच्या त्यांनाच नेमकं कुठे बघायचं ते कळेल, आणि ज्या संस्था आजही ते वापरत असतील त्यांच्याकडे येणाऱ्या बायकांचं त्यात नुकसान आहे. बनवणाऱ्यांना मी तीन वेळा लिहिलं. उपयोग झाला नाही, म्हणून आता सगळ्यांसमोर लिहिते.

कागद सोडून इकडे का आले ते आधी सांगते, म्हणजे कुलूप कशासाठी हवं होतं ते कळेल. आमच्या ऑफिसात पूर्वी एक जाड रजिस्टर होतं. एकदा दुपारी एका बाईचा दीर आला. मी पाणी आणायला आत गेले तेवढ्यात त्याने टेबलावरचं रजिस्टर उघडून पानं चाळली आणि वहिनीचं पान शोधून काढलं. तिने आम्हाला काय काय सांगितलं होतं ते त्या रात्री घरभर झालं. ती पुन्हा आमच्याकडे आली नाही. त्यानंतर आम्ही ठरवलं की कागदावर फक्त तारीख आणि केस क्रमांक लिहायचा, बाकी सगळं कुलपात. ऑफिसात कॉम्प्युटर दोनच, एक खिडकीशी आणि एक दाराशी. पाच जणी आलटून पालटून बसतो, शिवाय महिन्यातून दोनदा हिशेबाचं काम करणारे येतात, अर्ज टाइप करायला मुलं येतात. अशा ठिकाणी प्रत्येकीच्या नोंदींना वेगळा पासवर्ड हवा होता. तुमच्या पानावर लिहिलं होतं की नोंदी पासवर्डने सुरक्षित राहतील. मी ते वाचलं आणि त्यावर विश्वास ठेवला. आलेल्या प्रत्येक बाईला मी सांगत आले, "हे कुलपात राहतं, माझ्याशिवाय कुणी उघडू शकत नाही."

आता त्या दिवसाकडे येते.

एका बाईची हकिकत मी तीन बैठकांत मिळून लिहून घेतली होती. आमच्याकडे कुणी तारखा सांगत नाही. "गौरी जेवल्या त्या रात्री", "पोळ्याच्या आदल्या दिवशी", "धाकटीचं बारसं झालं त्याच्या दुसऱ्या आठवड्यात", असं सांगतात. मग मी जुनी कॅलेंडरं काढून त्या खुणांवर तारखा बसवते आणि त्या तिला वाचून दाखवते. या तारखांना फार मोल असतं. घरगुती हिंसाचाराविरुद्धच्या २००५च्या कायद्यात कलम १२ आहे. त्यात अर्ज पोचल्यापासून साधारण तीन दिवसांत पहिली तारीख द्यावी आणि पहिल्या सुनावणीपासून साठ दिवसांत अर्ज निकाली काढायचा प्रयत्न करावा, असं म्हटलं आहे. म्हणजे हातात वेळ थोडा असतो आणि संरक्षण अधिकाऱ्यांना अहवालात घालायला घटनाक्रम लगेच लागतो. त्या मंगळवारी दुपारी बारापर्यंत मला तो घटनाक्रम द्यायचा होता.

आदल्या दिवशी खिडकीशी दुसरी ताई बसली होती, म्हणून मी दाराजवळच्या कॉम्प्युटरवर काम केलं. बरेच दिवस राहून गेलेलं एक कामही उरकलं: पासवर्ड बदलला. नवा पासवर्ड ठेवला 'किनाऱ्यावरचीपांढरीहोडी'. आता तो कुठेही वापरात नाही, म्हणून इथे लिहिते. मंगळवारी सकाळी खिडकीशी बसले, पासवर्ड टाकला. चुकीचा. पुन्हा टाकला. चुकीचा. हळूहळू, एकेक अक्षर मोजत टाकला. पाच चुका झाल्यावर पडद्यावर आलं, पंधरा मिनिटं थांबा. थांबले, पुन्हा तेच. दाराजवळच्या कॉम्प्युटरवर गेले, तिथे पहिल्या झटक्यात उघडलं. पण तिथे त्या बाईची नोंद उघडून बघते तर फक्त पहिल्या बैठकीची. दुसऱ्या आणि तिसऱ्या बैठकीचं अक्षरही नव्हतं.

बारा वाजून गेले. मी संरक्षण अधिकाऱ्यांना फोन करून एक दिवस मागून घेतला. त्या बाईला मात्र सांगावं लागलं की उद्या पुन्हा ये आणि पुन्हा सगळं सांग. ती आली, बसली, आणि दहा मिनिटं काहीच बोलली नाही. जी रात्र एकदा सांगताना तिला तीन दिवस लागले होते, ती पुन्हा सांगायला आम्ही तिला बसवलं होतं. हे मी विसरू शकत नाही, आणि तुम्हीही समजून घ्यावं म्हणून हे पत्र इतकं लांबवते आहे.

एकच पासवर्ड एका कॉम्प्युटरवर बरोबर आणि दुसऱ्यावर चूक कसा, हे कळायला मला दोन आठवडे लागले. माझ्या मैत्रिणीचा मुलगा इंजिनिअरिंगला आहे, त्याने बसून शोधलं. दोष 'किनाऱ्यावरची'मधल्या 'ऱ्या'चा होता.

हा अर्धा र मराठी माणूस दिवसातून शंभरदा लिहितो. दुसऱ्या, बाऱ्या, तऱ्हा, सातबाऱ्यावर. डोळ्यांना तो एकसारखाच दिसतो, पण कॉम्प्युटरच्या पोटात तो दोन तऱ्हांनी लिहिता येतो. खिडकीजवळच्या कॉम्प्युटरवर इनस्क्रिप्ट ही मराठी टाइप करायची कीबोर्डची मांडणी आहे. तिथे शिफ्ट धरून 'जे'ची कळ दाबली की खाली टिंब असलेला ऱ येतो आणि त्याला हलन्त जोडला की हा अर्धा र तयार होतो. दाराजवळच्या कॉम्प्युटरवर मुलांनी दुसरा, उच्चाराप्रमाणे टाइप करायचा कीबोर्ड टाकला होता. तो साधा र, मग हलन्त, मग एक शून्य रुंदीचा जोडक घालतो, जो पडद्यावर दिसतच नाही. युनिकोड, म्हणजे कॉम्प्युटरवर प्रत्येक अक्षराला क्रमांक देणारं जागतिक मानक, त्याला दोन्ही रीती मान्य आहेत. छापलं तर दोन्हींत तसूभर फरक नाही. पण तुमचं यंत्र अक्षरं बघत नाही, बाइट, म्हणजे अक्षरांमागे साठवलेले आकडे, बघतं, आणि बाइट वेगळे म्हणजे पासवर्ड चुकीचा. त्यात पासवर्डच्या चौकटीत नुसती काळी टिंबं. टिंबांची संख्यासुद्धा दोन कॉम्प्युटरवर वेगळी होती, पण ती मोजायची मला कशी सुचावी?

हा एका 'ऱ'पुरता अपवाद नाही. 'ॲ' घ्या. हे अक्षर युनिकोडमध्ये स्वतंत्र चिन्ह म्हणून २००८मध्ये आलं. त्याआधीपासून लोक अ काढून त्यावर चंद्र देत आले आहेत आणि कितीतरी कीबोर्ड आजही तसंच करतात. ज्याच्या पासवर्डात 'ॲ' आहे तो कधी ना कधी माझ्यासारखाच दाराबाहेर उभा राहणार.

अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक-संस्थेने २०१७मध्ये पासवर्डांबद्दल जी मार्गदर्शिका काढली, तिच्यात यातलं बरंच काही सरळ सांगितलेलं आहे. जगातल्या कुठल्याही लिपीतली अक्षरं पासवर्डात चालू द्यावीत. चालू दिली तर साठवण्याआधी ती एका ठरावीक रूपात आणावीत, ज्याला नॉर्मलायझेशन म्हणतात. माणसाला आपण काय टाइप केलं ते बघता यावं. पासवर्ड पेस्ट करू द्यावा. तुमच्या चौकटीत बघायचा डोळाही नव्हता आणि पेस्टही बंद होतं. डोळा असता तर 'ऱ्या'चा फरक दिसला नसताच, हे मला मान्य आहे. पेस्ट चालू असतं तर मात्र मी दाराजवळच्या कॉम्प्युटरवर तो शब्द एका फाइलीत टाइप करून इकडे आणून चिकटवला असता आणि पाच मिनिटांत सुटले असते. आणि देवनागरी पासवर्ड घेणाऱ्यांसाठी एक गोष्ट आवर्जून सांगते: नुसतं नॉर्मलायझेशन केलंत तर ऱ आणि खाली वेगळा नुक्ता (टिंब) दिलेला र जुळतील, पण तो न दिसणारा जोडक आणि 'अॅ-ॲ'ची जोडी त्याने जुळत नाही. त्यांची व्यवस्था वेगळी करावी लागते. ते जमत नसेल तर पासवर्ड ठेवतानाच सांगा की देवनागरी अक्षरं इथे घेत नाही. मला वाईट वाटेल, पण मी अडकणार नाही. घेतल्यासारखं दाखवून मग ओळख न देणं हे सगळ्यांत वाईट.

आता त्या अर्धवट नोंदीचं. एक्स्टेन्शनची नोंद एका कॉम्प्युटरवरून दुसऱ्यावर जाते ती ब्राउझरच्या सिंकमधून, म्हणजे एकाच खात्याने उघडलेल्या सगळ्या कॉम्प्युटरांवर तीच माहिती पोचवण्याच्या सोयीतून. क्रोमच्या या साठवणीत एका नोंदीला जास्तीत जास्त ८,१९२ बाइट मिळतात. इंग्रजी अक्षराला एक बाइट पुरतो, देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन लागतात. 'क्षि' हे तुम्हाला-मला एक अक्षर, पण आत क, हलन्त, ष आणि ऱ्हस्व इकार मिळून चार चिन्हं, म्हणजे बारा बाइट. हिशेब केला तर इंग्रजीत तेराशे-चौदाशे शब्दांची नोंद जिथे मावते तिथे मराठीतली चारशे-साडेचारशे शब्दांत संपते. बाई दोन वाक्यांत तिचं आयुष्य सांगत नाही. तिसऱ्या बैठकीपर्यंत माझी नोंद अकराशे शब्दांच्या पुढे गेली होती. ती खिडकीजवळच्या कॉम्प्युटरवर नीट साठत होती, दाराकडे जात नव्हती, आणि याबद्दल एक ओळसुद्धा पडद्यावर आली नाही. उलट हिरवी खूण येत होती, साठवलं म्हणून. नोंद मोठी झाली, पुढे जाणार नाही, एवढे शब्द कुणी तरी लिहायला हवे होते. लांब नोंदीचे तुकडे करून पाठवणं तुम्हाला येतं, हे मला तो मुलगाच सांगतो.

तुमच्या मदत विभागाला लिहिलं तेव्हा उत्तर आलं ते इतकंच, की एक्स्टेन्शन काढून टाका आणि पुन्हा बसवा. मी ते करायलाच बसले होते. त्या मुलाने हात धरला म्हणून वाचले. एक्स्टेन्शन काढलं की ब्राउझर त्या कॉम्प्युटरवरची त्याची साठवण पुसून टाकतो. ज्या लांब नोंदी सिंकमध्ये गेल्याच नव्हत्या, त्या कायमच्या गेल्या असत्या. पासवर्ड अडला म्हणून विचारणाऱ्या माणसाला, आधी तुमच्या नोंदींची प्रत काढली आहे का, हे न विचारता असा सल्ला कसा देता? आणि प्रत काढायची तरी कशी? सगळ्या नोंदी एकत्र बाहेर काढायची सोय तुमच्याकडे नव्हती. तीन वर्षांच्या नोंदी एकेक उघडून हाताने कॉपी करायच्या.

इथवर माझी तक्रार गैरसोयीची होती. पुढचं तसं नाही.

नोंदी परत मिळतील का असं मी त्या मुलाला विचारलं. कुलूप तोडायला किती दिवस लागतील याच्या तयारीने मी चहा टाकायला उठले होते. चहाचं पाणी उकळायच्या आत त्याने हाक मारली. ब्राउझरमध्येच प्रोग्रॅमरांसाठी असलेलं पान त्याने उघडलं होतं आणि एक ओळ टाइप केली होती. ती ओळ मी इथे लिहीत नाही. पडद्यावर महिरपी कंस, अवतरण चिन्हं, आणि त्यांच्यामध्ये जसंच्या तसं मराठी. "गौरी जेवल्या त्या रात्री." तिचं नाव, तिच्या मुलींची नावं, माहेरच्या गावाचं नाव, ती सध्या कुणाकडे राहते ते. पासवर्ड विचारलासुद्धा नाही.

मला आधी आनंदच झाला. नोंदी मिळाल्या होत्या. मग मी खुर्चीत बसले आणि माझे हात गार पडले. म्हणजे तीन वर्षं कुलूप नव्हतंच. पासवर्डची चौकट हा फक्त पडदा होता, त्याच्या मागे सगळं उघडं मांडलेलं होतं. मी, जिचा त्या नोंदींवर हक्क होता, दोन आठवडे बाहेर उभी होते. आणि ज्याला थोडंफार कॉम्प्युटर येतं असा कुणीही, त्या खुर्चीत दोन मिनिटं बसला असता तर आत जाऊ शकला असता.

खरं कुलूप लावणं अवघड नाही, हे मी आता शिकले आहे. ज्या वाचकांना माहीत नसेल त्यांच्यासाठी माझ्या भाषेत सांगते. आपला पासवर्ड जात्यात घालून लाखो वेळा दळायचा. त्यातून जे पीठ निघतं ती किल्ली. त्या किल्लीने नोंद अशी बदलून ठेवायची की किल्लीशिवाय ती नुसती अर्थहीन चिन्हांची रांग दिसावी. किल्ली कुठेही लिहून ठेवायची नाही, दर वेळी पासवर्डातून नव्याने दळायची. या दळण्याला पीबीकेडीएफ२ म्हणतात आणि त्याचे किमान ६,००,००० फेरे असावेत अशी ओडब्ल्यूएएसपी या सुरक्षेचं काम करणाऱ्या संस्थेची शिफारस आहे. नोंद बदलून ठेवायची रीत म्हणजे एईएस. ही दोन्ही हत्यारं प्रत्येक आधुनिक ब्राउझरमध्ये आधीपासून बसवलेली आहेत, वेब क्रिप्टो या नावाने. तुम्हाला ती विकत घ्यायची नाहीत, लिहायचीही नाहीत, फक्त वापरायची आहेत. आणि क्रोमच्या स्वतःच्या कागदपत्रांत लिहिलेलं आहे की एक्स्टेन्शनची साठवण कूटबद्ध, म्हणजे अशी किल्लीने बदललेली, नसते, गोपनीय माहिती तिथे ठेवू नये. ते तुम्ही वाचलं असणार. तुमचं तर कामच ते आहे. आमच्यासारख्या माणसाने तुमच्या पानावरचं वाक्य वाचायचं आणि त्यावर विसंबायचं, इतकंच त्याच्या हातात असतं.

सिंकमुळे आणखी एक घडलं. आमचं ऑफिसचं खातं एका जुन्या सहकारी ताईने घरच्या कॉम्प्युटरवर उघडलं होतं, सरकारी पोर्टलवर अर्ज भरायला. ती संस्था सोडून दोन वर्षं झाली. खातं तिथे तसंच राहिलं. एक्स्टेन्शनमध्ये सिंक आपोआप चालू होतं, मला कधी विचारलं गेलं नव्हतं. म्हणजे माझ्या छोट्या नोंदी तिच्या घरी, तिचा मुलगा ज्यावर अभ्यास करतो त्या कॉम्प्युटरवर, उघड्या पडून होत्या. ती ताई विश्वासाची आहे. तिने त्याच दिवशी माझ्यासमोर खातं बंद केलं. खातं तसंच राहू दिलं ही चूक आमची, ती मी मान्य करते. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने लोकांची माहिती नीट जपायची जबाबदारी ती गोळा करणाऱ्यावर, म्हणजे आमच्यावरही, टाकलेली आहे, आणि आम्ही ती टाळत नाही. पण नोंद कुलपात असती तर ती कुठेही पोचली तरी कुणाला वाचता आली नसती. कुलूप त्यासाठीच असतं.

एक तुलनेने लहान गोष्ट सांगायची राहिली, ती सांगतेच, कारण ती रोजची होती. २०२४मध्ये क्रोमने जुन्या पद्धतीची एक्स्टेन्शनं बंद करायला घेतली आणि तुम्हाला नव्या, मॅनिफेस्ट व्ही३च्या रचनेत यावं लागलं. त्या अपडेटनंतर नोंदवही दर मिनिटा-दोन मिनिटांनी पासवर्ड विचारायला लागली. नव्या रचनेत मागे चालणारा भाग तीस सेकंद रिकामा राहिला की ब्राउझर त्याला झोपवतो आणि त्याने लक्षात ठेवलेलं सगळं जातं. 'आत्ता उघडलेलं आहे' ही खूण तुम्ही त्याच्याच डोक्यात ठेवली होती. ब्राउझर बंद होईपर्यंत अशी खूण जपणारी वेगळी जागा क्रोमने २०२२मध्येच दिलेली आहे. तिकडे हलवणं फार मोठं काम नाही.

पण माझ्या टेबलाशी ते कसं होतं ते सांगते. समोर बाई बसलेली. ती बोलता बोलता थांबते, पदराचं टोक बोटाला गुंडाळते, पुढचं वाक्य तिच्या ओठांशी आलेलं असतं. मी तिच्याकडे बघत थांबते. अशा वेळी घाई करायची नसते, अर्धा मिनिट, एक मिनिट जाऊ द्यायचं असतं. मग ती बोलते, मी लिहायला वळते आणि समोर पासवर्डची चौकट. मी खटाखट टाइप करते, ती माझे हात बघते, आणि विचारते, "ताई, थांबू का?" कितीदा ते वाक्य मग आलंच नाही. आणि मध्येच सुनावणीची तारीख बघायला दुसऱ्या टॅबवर क्लिक केलं की तुमची छोटी खिडकी मिटायची आणि न साठलेला मजकूर जायचा. २०२३पासून क्रोममध्ये बाजूला उघडं राहणारं पॅनेल देता येतं. ते वापरा. आणि लिहिता लिहिता आपोआप साठवत जा.

तुम्ही ही नोंदवही फुकट देता. बहुधा दोन-चार माणसं, नोकरी सांभाळून, रात्री जागून हे बनवत असतील. मला त्याची जाण आहे. आमची संस्थाही तशीच चालते, पगाराच्या तारखा पुढे ढकलत. म्हणून सगळं एकदम करा असं मी म्हणत नाही. पण आमच्याकडे मनुष्यबळ कमी आहे म्हणून मी कुणाला "तुम्ही इथे सुरक्षित आहात" असं खोटं सांगू शकत नाही. सांगता येत नसेल तर गप्प राहते, किंवा जिथे सुरक्षित राहता येईल तिथला पत्ता देते. तुम्हालाही तेवढंच करायचं आहे.

तुमच्या त्या एक्स्टेन्शनमध्ये अकरा बायकांच्या नोंदी होत्या. आम्ही त्या बाहेर काढून, खरोखर कूटबद्ध होणाऱ्या दुसऱ्या जागी हलवल्या. तिथला पासवर्ड इंग्रजी अक्षरांत ठेवला आहे. परत मिळवण्याचा कोड कागदावर लिहून संस्थेच्या बँकेतल्या लॉकरमध्ये ठेवला. मग अकराही जणींना गाठून सांगायचं ठरवलं. फोनवर सांगता येत नव्हतं, कारण फोन नवरे बघतात. कुणी बाजाराच्या दिवशी भेटली, कुणी अंगणवाडीत, एकीला दवाखान्याच्या रांगेत गाठलं. काय झालं ते प्रत्येकीला समजेल असं सांगितलं, आणि माफी मागितली. बहुतेक जणी म्हणाल्या, जाऊ द्या ताई, कुणी बघितलं नाही ना. एक जण मात्र बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "पण तुम्हीच म्हणाला होतात ना, कुलूप आहे म्हणून?"

मी ते तुमच्या पानावर वाचून म्हणाले होते. तिला दुसरं काय उत्तर द्यावं ते मला सुचलं नाही.

बाकीच्या दुरुस्त्या महिन्या-दोन महिन्यांनी आल्या तरी चालतील. पानावरचं सुरक्षिततेचं वाक्य मात्र आज काढा. त्या जागी लिहा की पासवर्ड फक्त पडदा झाकतो, नोंदी कॉम्प्युटरवर उघड्या राहतात आणि सिंक चालू असेल तर दुसरीकडेही जातात. ज्यांनी आधीच बसवलं आहे त्यांना नोंदवही उघडताच हे दिसू द्या, आणि शेजारी सगळ्या नोंदी एकदम बाहेर काढायचं बटण द्या. मराठीत मजकूर लिहून हवा असेल तर मी लिहून देते, संस्थेच्या पत्त्यावर कळवा. तो पत्ता माझ्या तिन्ही पत्रांवर आहे.

कळावे,
आपली,
एक समुपदेशक